खवल्या मांजर गावात आलं तर

आम्ही सीताबर्डीहून बोलतोय.

तुम्ही बर्डीला खरेदीला येता. सोबत लेकरं असली तर महाराजबागेत एक चक्कर होतेच. लेकरं पिंजऱ्यापुढून हलत नाहीत. पण आज ज्या जनावराबद्दल बोलायचं आहे, ते असं पिंजऱ्यात सहसा बघायला मिळत नाही. कोंडून ठेवलं की त्याला त्याचं खाणं मिळत नाही, ते धास्तावतं आणि बरेचदा मरूनच जातं. देशात ओडिशातल्या नंदनकाननसारख्या मोजक्या ठिकाणीच ते सांभाळलं जातं. आणि गंमत म्हणजे तेच जनावर तुमच्या गावाच्या बाजूला, वावराच्या धुऱ्यापलीकडच्या झुडपात राहत असेल. त्याचं नाव खवल्या मांजर. कोकणात त्याला खवले मांजर म्हणतात.

विषय जनावराचा आहे, पण तो घराशी येऊन भिडतो. या एका गरीब जनावरापायी गावातली चांगली कमावती पोरं तुरुंगात जाऊन बसतात. म्हणून शेवटपर्यंत ऐका.

आधी त्याची ओळख करून घेऊ. डोक्यापासून शेपटीच्या टोकापर्यंत साधारण ३ ते ४ फूट लांब, वजन १० ते १५ किलोच्या आसपास. अंगावर पिवळट तपकिरी खवले, घरावरच्या कौलांसारखे एकावर एक बसवलेले. तोंड लांबट, निमुळतं. पुढच्या पायांना मोठमोठ्या वाकड्या नख्या. चालताना त्या नख्या झिजू नयेत म्हणून ते पुढचा पंजा आत मुडपून चालतं. कधी मागच्या दोन पायांवर उभं राहून वास घेतं. नजर अधू, पण नाक फार तीक्ष्ण.

नावात मांजर असलं तरी ते मांजर नाही. अंगावर खवले असले तरी ते मासाही नाही, सरडाही नाही. ते पिल्लाला दूध पाजतं, म्हणजे गाय, शेळी आणि आपण, त्याच सस्तन प्राण्यांत ते येतं. शास्त्रज्ञांनी रक्तानात्याचा शोध घेतला, तेव्हा मांजर, कुत्रा, अस्वल यांचं कूळ त्याला सगळ्यांत जवळचं निघालं. म्हणजे नाव ठेवणारा अगदीच चुकला नव्हता!

आता ते खातं काय? मुंग्या आणि वाळवी, जिला कोणी उधई म्हणतं. बास, दुसरं काही नाही. रात्री निघायचं, वास घेत फिरायचं, वारूळ सापडलं की नख्यांनी फोडायचं आणि आत जीभ घालायची. जीभ चांगली वीतभराहून लांब आणि डिंकासारखी चिकट. तिला चिकटून मुंग्या पोटात जातात. खाताना मुंग्या नाकाकानात शिरू नयेत म्हणून त्याला नाकपुड्या आणि कान मिटून घेता येतात.

तोंडात एकही दात नाही. मग चावतं कसं? चावतच नाही. खाताखाता थोडी माती, बारीक खडे पोटात जातात आणि पोटाच्या जाड भिंतीत त्या खड्यांनी मुंग्या दळल्या जातात. कोंबडी खडे गिळते, तसंच. पोटातलं जातंच म्हणा.

एक खवल्या मांजर वर्षभरात कोट्यवधी मुंग्या-वाळवी खातं. वाळवी सगळीच वाईट नसते. पालापाचोळा, वाळलेली काडी कुजवून ती मातीला परत देते. पण तिचा सुमार सुटला की ती उभ्या झाडाला लागते, घराच्या लाकडाला लागते. जंगलात हा सुमार राखणाऱ्यांपैकी एक म्हणजे खवल्या मांजर. शिवाय ते सारखं उकरत राहतं, त्यानं माती खालीवर होते, भुसभुशीत होते. त्याची सोडलेली बिळं दुसऱ्या लहान जनावरांच्या कामाला येतात.

असं काम करणारी जनावरं जगात आणखीही आहेत. आफ्रिकेत आर्डव्हार्क नावाचं एक जनावर आहे. या नावाचा अर्थच ‘मातीतलं डुक्कर’. गाढवासारखे लांब कान, डुकरासारखं नाक, वजन ५०-६० किलो. तेही रात्री निघतं, वारूळ फोडतं, चिकट जीभ आत घालतं आणि दिवसा बिळात झोपतं. ऐकलं तर वाटेल दोघं सख्खे भाऊ. पण नात्यानं दोघं एकमेकांपासून फार दूर. आर्डव्हार्कचं कूळ हत्तीच्या जवळचं आहे. मुंग्या खायच्या तर जीभ लांब हवी आणि नख्या बळकट हव्या. काम एक म्हणून हत्यारं एकसारखी झाली. फरक एवढाच की आर्डव्हार्कच्या अंगावर खवले नाहीत. संकट आलं की ते पळतं, नाहीतर भराभर जमीन उकरून आत शिरतं. आपल्या खवल्या मांजराची रीत वेगळी आहे.

ती रीत नीट समजून घ्या, कारण पुढची सगळी गोष्ट तिच्यावर आहे. खवल्या मांजराचं पोट, गळा, तोंड आणि पायांची आतली बाजू मऊ असते, तिथं खवले नसतात. म्हणून भीती वाटली की ते ना पळत, ना चावत, ना ओरडत. डोकं पोटाशी घेतं, त्यावरून शेपटी गुंडाळतं आणि चेंडू होऊन बसतं. बाहेर फक्त खवले राहतात, आणि त्यांच्या कडा धारदार असतात. शेपटीत इतकी ताकद असते की ती गाठ वाघ-बिबट्यालाही सहजी उलगडता येत नाही. दात लावून, पंजा मारून कंटाळला की तो निघून जातो.

आता त्याच्या लेकराचं ऐका. खवल्या मांजरीला एका वेळी बहुतेक एकच पिल्लू होतं, क्वचित दोन. जन्माला येतं तेव्हा पिल्लाचे खवले मऊ असतात, मग हळूहळू कडक होतात. आई त्याला बिळात दूध पाजते. थोडं मोठं झालं की ते आईच्या शेपटीवर, कमरेपाशी पोटावर पडून नख्यांनी धरून बसतं आणि आई त्याला पाठंगुळी घेतल्यासारखं चरायला नेते. वाटेत धोका दिसला की आई पिल्लाला पोटाशी ओढते आणि त्याच्याभोवती चेंडू होते. आधी लेकरू आत, मग आपण. हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

एका वेळी एकच पिल्लू, याचा अर्थही लक्षात घ्या. शेळी दोन-दोन देते, डुक्कर डझनभर देतं. त्यांची संख्या लवकर भरून निघते. खवल्या मांजराची एक मादी गेली तर ती जागा भरायला वर्षं जातात.

मैत्रिणींनो, चेंडू होऊन गप्प बसायची ही रीत वाघापुढं चालते, पोत्यापुढं चालत नाही. माणसाला ती गाठ सोडवायचीच नसते. तो आयता चेंडू उचलतो, पोत्यात टाकतो आणि तोंड बांधतो. ज्या सवयीनं या जनावराला लाखो वर्षं वाचवलं, तीच सवय आज त्याला मारते आहे. म्हणून जगात सगळ्यांत जास्त चोरटा व्यापार होणाऱ्या जंगली सस्तन प्राण्यांत याचं नाव घेतलं जातं. जगात याच्या आठ जाती मानल्या जातात, चार आशियात, चार आफ्रिकेत. आठही जाती धोक्यात आहेत. २०१६ मध्ये जोहान्सबर्गला सगळ्या देशांची बैठक झाली आणि आठही जातींच्या व्यापारावर जगभर बंदी आली.

आता तुम्ही विचाराल, माणसाला हे हवं तरी कशाला? मुख्य म्हणजे खवल्यांसाठी. कोणी म्हणतं औषध होतं, कोणी म्हणतं अंगठीत घातलं की नजर लागत नाही, कोणी म्हणतं याच्यापुढं पूजा मांडली की पैशांचा पाऊस पडतो.

तर आपण त्या खवल्याचीच पारख करू. खवला कशाचा बनतो? केराटिन नावाच्या द्रव्याचा. हेच केराटिन आपल्या नखांत असतं, केसांत असतं, म्हशीच्या शिंगाच्या वरच्या आवरणात असतं, कोंबडीच्या पिसात असतं. सकाळी वेणी घालताना कंगव्यात अडकलेले केस आपण गुंडाळून फेकतो ना? ते केस आणि तो खवला, माल एकच. खवल्यानं आजार बरा होत असता, तर आपल्या कापलेल्या नखांनीही बरा झाला असता. खवल्यानं पैशांचा पाऊस पडत असता, तर न्हाव्याच्या दुकानात रोज पडला असता!

ज्या चीनमध्ये या खवल्यांना औषध म्हणून फार मागणी होती, त्या चीननंही २०२० मध्ये आपल्या औषधांच्या अधिकृत ग्रंथातल्या यादीतून ते काढून टाकले. आणि पैशांचा पाऊस पाडणाऱ्या बाबाला एकच विचारा: बाबा, पाऊस तुमच्या हातात आहे, मग आमच्याकडून आधी पैसे का मागता? आपल्या राज्यात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, हेही त्याच्या कानावर घाला.

आता घरापर्यंत येणारी गोष्ट. ती कशी सुरू होते, तुम्हाला माहीत आहे. सांजच्याला पानठेल्यावर कोणीतरी बाहेरचा माणूस बसलेला असतो. तो म्हणतो, ‘खवल्या दिसला तर सांगजा, पार्टी तयार आहे.’ मोबाइलवर व्हिडिओ फिरतात. भाषा लाखाची, कोटीची. घरात कर्ज असतं, कापूस घरात पडून असतो, पोरीचं लग्न ठरलेलं असतं. पोराला वाटतं, एक रात्र जंगलात काढली की सगळं फिटलं.

पुढं काय होतं? ती ‘पार्टी’ बरेचदा वनविभागाचा किंवा पोलिसांचा माणूसच निघतो, ग्राहक बनून आलेला. तसं नसलं तरी माल घेऊन रस्त्यावर निघणारा पहिला माणूस आपलाच असतो आणि पहिली धाड त्याच्यावरच पडते. कोटीची भाषा करणारा फोन बंद करून मोकळा होतो.

कायदा काय म्हणतो, ते सोप्या शब्दांत सांगतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात खवल्या मांजर पहिल्या अनुसूचीत आहे. वाघ ज्या यादीत आहे, त्याच यादीत. मारणं तर सोडाच, पकडणं, पकडायचा प्रयत्न करणं, हीसुद्धा कायद्यानं शिकारच. खवले घरात ठेवणं, विकणं, विकत घेणं, गाडीवर नेणं, सगळा गुन्हा. शिक्षा कमीत कमी ३ वर्षं, जास्तीत जास्त ७ वर्षं, वर दंड. मोटारसायकलवर नेलं तर ती मोटारसायकलही जप्त. जामीन, वकील, तारखा, या सगळ्याचा खर्च कोणाच्या बचतीतून जातो, ते गटातल्या प्रत्येकीला माहीत आहे. माणूस आत जातो तेव्हा वावराचं, हप्त्याचं, लेकरांच्या शाळेचं ओझं बाईच्याच डोक्यावर येतं. म्हणून हा विषय फक्त जंगलखात्याचा नाही.

पण फक्त चोरट्या व्यापारामुळंच हे जनावर संपतं आहे, असं नाही. दोन गोष्टी आपल्या रोजच्या कामातल्या आहेत, त्याही बोलून घेऊ.

पहिली, कुंपणाला सोडलेला करंट. रानडुकरं पीक नासवतात, हे खरं. रात्रभर जागल करून माणूस थकतो, हेही खरं. पण कुंपणाच्या तारेत थेट लाइनवरून करंट सोडणं हा गुन्हा आहे, आणि त्यात माणसं, बैल, वाघ सगळे मेलेले आहेत. खवल्या मांजराचं तर फारच वाईट. ते मान खाली घालून चालतं, जमिनीलगतची तार अंगाला लागते. झटका बसला की दुसरं जनावर मागं उडी मारतं. हे मात्र सवयीप्रमाणं चेंडू होतं, आणि तो चेंडू तारेभोवतीच आवळला जातो. मग सुटका नाही. पिकाचं नुकसान झालं तर पंचनामा करून वनविभागाकडं भरपाईचा अर्ज करता येतो. तो मार्ग धरा. लांब आहे, पण त्यात जीव जात नाही.

दुसरी गोष्ट आग. मोहफुलं वेचायच्या दिवसांत झाडाखालचा पालापाचोळा जाळायची रीत आहे. फुलं स्वच्छ दिसतात, वेचायला सोपं जातं, आम्हाला समजतं. पण वाऱ्यानं ती आग झाडाखाली थांबत नाही, डोंगरभर पसरते. वाळलेली खोडं जळतात, जमिनीवरचे किडे-मुंग्या जळतात, म्हणजे या जनावराचं ताटच जळतं. सावकाश चालणारं पिल्लू असलं तर ते आगीतून निघत नाही. काही ठिकाणी बाया झाडाखाली जाळी अंथरून फुलं गोळा करतात. पाला हातानं झाडूनही जागा मोकळी होते. थोडे कष्ट जास्त पडतात, पण फुलात राख येत नाही, माल चांगला राहतो.

आता मुख्य प्रश्न. एखाद्या रात्री खवल्या मांजर गावात आलं, गोठ्यात शिरलं, कोरड्या विहिरीत पडलं, तर काय करायचं?

पहिलं, गर्दी हटवा आणि कुत्री बांधा. लेकरांना घरात पाठवा. ते चावत नाही, त्याला दातच नाहीत, म्हणून घाबरायचं कारण नाही.

दुसरं, हात लावू नका. उलगडून बघायचा प्रयत्न करू नका, काठीनं ढोसू नका. पाणी ओतू नका, दूध-पोळी पुढं ठेवू नका, ते त्याचं खाणं नाही.

तिसरं, पोत्यात किंवा ड्रममध्ये कोंडून ठेवू नका. ‘सकाळी बघू’ म्हणून ठेवलेलं जनावर गुदमरतं, आणि उद्या कोणी विचारलं तर कोंडणाऱ्यावरच बालंट येतं.

चौथं, फोटो काढून ग्रुपवर टाकू नका. फोटोबरोबर गावाचं नाव जातं, आणि दुसऱ्या दिवशी ‘पार्टी’ हजर होते.

पाचवं, फोन करा. वनविभागाची हेल्पलाइन आहे, १९२६. एकोणीस सव्वीस. पैसे लागत नाहीत. गावचा वनरक्षक ओळखीचा असेल तर त्याला आधी कळवा, पोलीस पाटलाला सांगा. जंगलाची वाट मोकळी असेल आणि जनावर धडधाकट असेल, तर दिवे मालवून सगळे मागं सरका. शांतता झाली की ते गाठ सोडतं, नाक वर करून वास घेतं आणि आपल्या वाटेनं निघून जातं. जखमी असेल तर वनविभागाचे लोक त्याला उपचाराला नेतात. आपल्या नागपुरात सेमिनरी हिल्सवर वनविभागाचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे, तिथं अशा जखमी जनावरांवर डॉक्टर उपचार करतात.

आता कोकणातल्या एका गावाचं सांगतो. चिपळूणची सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था किनाऱ्यावरच्या कासवांच्या कामासाठी सगळ्यांना माहीत आहे. त्यांनी खवले मांजराचं काम हाती घेतलं. गावोगाव जाऊन लोकांशी बोलले. डुगवे नावाच्या गावानं २०२० च्या फेब्रुवारीत, जागतिक खवले मांजर दिनाला, ‘खवलोत्सव’ केला. शिमग्याला देवाची पालखी निघते, तशी खवले मांजराची प्रतिकृती पालखीत बसवून गावात नाचवली. जे जनावर पोत्यात घालून नेलं जायचं, ते पालखीत बसलं. तेव्हापासून त्या गावात ते गावाचं झालं. आणि गावाच्या मालकीच्या वस्तूला हात लावायला बाहेरचा माणूस दहा वेळा विचार करतो.

हा दिवस दरवर्षी फेब्रुवारीतल्या तिसऱ्या शनिवारी येतो. पालखीच काढायला हवी असं नाही. त्या आठवड्यातली गटाची मीटिंग या विषयावर घेता येते. शाळेच्या भिंतीवर पोरांकडून चित्र काढून घेता येतं. म्हाताऱ्या आजीला विचारता येतं, ‘आजी, तुझ्या लहानपणी खवल्या कुठं दिसायचा?’ तिला आठवणाऱ्या जागा आणि आज दिसणाऱ्या जागा यांतला फरक लेकरांना आपोआप कळेल.

आणि एक ठराव करता येतो. आपण दारूवर ठराव केले, हुंड्यावर केले. तसाच एक: आमच्या गावातून खवल्या मांजर विकलं जाणार नाही, आणि विकत घ्यायला आलेल्या माणसाला गावात चहासुद्धा मिळणार नाही. घरातल्या पोराच्या तोंडी ‘पार्टी’ हा शब्द आला की आईनं, बायकोनं, बहिणीनं तिथंच थांबवायचं. रागावून नाही, हिशोब मांडून. एका बाजूला कधीही हाती न येणारे लाख, दुसऱ्या बाजूला खरोखरची ३ ते ७ वर्षं. हिशोब करायला आपल्या गटातल्या बाया कोणाला हार जात नाहीत.

तर ताई, गटाची वही जवळ असेल तर आत्ताच उघडा. पहिल्या पानावर, जिथं अध्यक्ष-सचिवांचे नंबर लिहिले आहेत, त्यांच्याखाली मोठ्या अक्षरात लिहा: १९२६, वनविभाग. ज्यांना लिहिता येत नाही, त्यांनी लेकराकडून लिहून घ्या आणि नंबर पाठ करा.

तुमच्या भागात खवल्या मांजराला कोणतं नाव आहे, त्याच्याबद्दल काय गोष्टी सांगतात, ते आम्हाला जरूर कळवा. आज इथंच थांबतो. पुढच्या वेळी पुन्हा भेटू. नमस्कार!